बहरीनमार्गे इराण: तेहरानमधला हल्ला आणि दादरची एक सहल

पार्श्वभूमी

ही कंपनी दादरची. अष्टविनायक, मग चारधाम, मग सिंगापूर-थायलंड, मग युरोप, असा मराठी सहल कंपन्यांचा ठरलेला चढता क्रम तिनेही पार केलेला. मालकीण दुसऱ्या पिढीतल्या. ग्राहक त्यांना ताई म्हणतात आणि ऑफिसातली मुलं मॅडम. इथे आपण ताईच म्हणू. बाकी कोणाचं नाव दिलेलं नाही, आणि ग्रुपमधली माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत.

२०१५च्या जुलैमध्ये व्हिएन्नात इराणचा अणुकरार झाला. निर्बंध उठणार हे दिसू लागलं, तसा ताईंनी धंद्याचा साधा हिशेब मांडला. निर्बंध उठले की युरोपातले पर्यटक येणार आणि तेहरान-इस्फहानची हॉटेलं महागणार. त्याआधी एक ग्रुप नेऊन आणावा. फेब्रुवारी २०१६च्या अखेरीस, नौरोजच्या, म्हणजे इराणी नववर्षाच्या, गर्दीच्या आधी निघायचं ठरलं. तेहरान, इस्फहान, याझ्द, शिराझ आणि पर्सेपोलिस, शेवटी मशहदला दोन रात्री. मशहद घेतलं ते एका निवृत्त प्राध्यापकांच्या आग्रहाखातर. आयुष्यभर फारसी शिकवलेल्या या सरांना मशहदजवळच्या तूसला 'शाहनामा' लिहिणाऱ्या फिरदौसी या कवीच्या समाधीवर जायचं होतं. पारशी कॉलनीतल्या एका जोडप्याचा जीव याझ्दच्या अग्निमंदिरात अडकला होता. बाकीचे बहुतेक बँकेतून आणि शाळेतून निवृत्त झालेले काका-काकू. एका काकांचा मुलगा लंडनहून येऊन तेहरानला ग्रुपमध्ये सामील होणार होता.

तिकीट बहरीनमार्गे काढायचं ठरलं, कारण ते सगळ्यांत स्वस्त होतं. ग्रुप बुकिंगची अनामत भरलेली होती. नावं देऊन उरलेले पैसे भरायची मुदत जानेवारीच्या मध्यावर होती. व्हिसाचे फोटो गोळा होत होते. इराणच्या व्हिसाला बायकांचा फोटो डोकं झाकलेला लागतो, तेव्हा स्टुडिओत ओढणी घेऊन बसलेल्या एका काकूंनी तिथूनच ऑफिसला फोन करून विचारलं होतं, "टिकली ठेवली तर चालेल ना?" तोवर प्रश्न असे होते.

घटना

२ जानेवारी २०१६ रोजी सौदी अरेबियाने एकाच दिवशी ४७ जणांना देहदंड दिला. त्यांतले बरेच अल-कायदाच्या हल्ल्यांतले दोषी होते, पण त्यांत शेख निम्र अल-निम्र हे शिया धर्मगुरूही होते. त्या रात्री तेहरानमध्ये जमाव सौदी दूतावासात घुसला, मोडतोड केली, आग लावली. मशहदमधल्या सौदी वाणिज्य दूतावासावरही हल्ला झाला. राजनैतिक संबंधांवरच्या १९६१च्या व्हिएन्ना करारातलं २२वं कलम या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. दूतावासाची वास्तू अभंग असते आणि तिचं रक्षण करणं ही यजमान देशाची खास जबाबदारी असते. राष्ट्राध्यक्ष रूहानींनी हल्ल्याचं समर्थन होऊ शकत नाही असं दुसऱ्याच दिवशी सांगितलं, अटकाही झाल्या. पण इराणमध्ये हे पहिल्यांदा घडत नव्हतं. १९७९ची अमेरिकन ओलीस घटना जगाला माहीत आहे. २०११च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश दूतावासात जमाव घुसला होता, आणि तो दूतावास पुन्हा उघडला तो थेट २०१५च्या ऑगस्टमध्ये.

३ जानेवारीला सौदीने संबंध तोडले आणि इराणी राजनैतिक कर्मचाऱ्यांना ४८ तासांत देश सोडायला सांगितलं.

आता हे सगळं मुंबईत कसं पोचलं ते बघा. त्याच २ जानेवारीला पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला होता आणि मराठी वाहिन्यांवर दिवसरात्र तेच चालू होतं. त्यात ३ तारखेच्या रात्री अफगाणिस्तानात मझार-ए-शरीफच्या भारतीय वाणिज्य दूतावासावर बंदूकधाऱ्यांनी हल्ला केला. आपले कर्मचारी सुखरूप राहिले. पण टीव्हीच्या खालच्या पट्टीत मशहद आणि मझार, सौदी दूतावास आणि भारतीय दूतावास एकामागोमाग सरकत होते.

अडचण

४ जानेवारी, सोमवार. ऑफिस उघडायच्या आधीच फोन सुरू झाले. माहीमच्या एका काकांनी सुरुवातच केली, "ताई, ते मशहदला आपल्या वकिलातीवर हल्ला केला म्हणे, आणि तुम्ही आम्हाला तिथेच नेताय?" ताईंनी समजावलं की तो मझार, वेगळा देश, मधे शेकडो मैल. काका म्हणाले, "असेल. पण सुनेने टीव्हीवर बघितलंय." सुनेने बघितलेल्या टीव्हीपुढे भूगोलाचं काय चालणार!

दुपारपर्यंत निम्म्या ग्रुपने पैसे परत मिळतील का हे विचारून झालं होतं. आणि संध्याकाळी खरी अडचण समोर आली. बहरीननेही इराणशी संबंध तोडले होते. दोन्ही देशांमधली विमानं बंद होणार हे लगेच स्पष्ट झालं. म्हणजे ज्या तेहरानबद्दल सगळे विचारत होते तिथे कदाचित सगळं ठीक होतं. रस्ता मात्र तुटला होता, आणि त्याबद्दल कोणीच विचारत नव्हतं.

कोणी किती पाऊल टाकलं

या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यांत शिकण्यासारखा भाग इथे आहे. आपल्याकडे बातमी "आखाती देश इराणविरुद्ध एकवटले" अशी आली. ताईंच्या ऑफिसातल्या तिकीट बघणाऱ्या मुलाने मात्र प्रत्येक देशाची वेगळी नोंद ठेवायला सुरुवात केली. हे काम खरं तर सरांनी सुचवलं. "सगळे एकदम ओरडतायत, पण प्रत्येकाने दार किती लावलंय ते बघा," असं ते म्हणाल्याचं तो मुलगा सांगतो.

सौदीने दार पूर्ण लावलं. संबंध, विमानं, व्यापार, आपल्या नागरिकांना इराणला जायला बंदी. यात्रेसाठी मक्का-मदिनेला येणाऱ्या इराण्यांना मात्र दार उघडं असल्याचं परराष्ट्रमंत्री अल-जुबैर यांनी सांगितलं. बहरीन सौदीच्या मागोमाग गेलं, आणि त्याला कारण होतं. बहुसंख्य शिया प्रजा आणि सुन्नी राजघराणं असलेल्या या देशात २०११ची निदर्शनं दडपायला सौदी फौजा पुलावरून आल्या होत्या. सुदाननेही त्याच दिवशी संबंध तोडले. एकेकाळचा इराणचा मित्र, पण २०१५पासून येमेनच्या युद्धात सौदीच्या बाजूने. पुढे जिबूती, सोमालिया, कोमोरोस या यादीत आले. मुंबईहून निघणाऱ्या पर्यटकाला या चौघांचा काडीचाही फरक पडत नव्हता, पण "आणखी एका देशाने संबंध तोडले" ही बातमी आली की ऑफिसातला फोन वाजायचा.

ज्यांचा फरक पडत होता त्यांनी तोडलं नव्हतं. संयुक्त अरब अमिरातीने राजदूताच्या जागी प्रभारी दूत ठेवून संबंधांची पातळी उतरवली आणि तिथेच थांबली. दुबईत इराणी व्यापाऱ्यांची मोठी वस्ती आहे, तिथलं दार लावणं दुबईलाच महाग पडलं असतं. कुवेतने ५ जानेवारीला राजदूत परत बोलावला, कतारने ६ला. कतारचं आणि इराणचं समुद्राखालचं वायूक्षेत्र सामाईक आहे. राजदूत घरी आला तरी वायू तिथेच राहतो. ओमानने खेद व्यक्त केला आणि बाकी काहीच केलं नाही. अमेरिका-इराण यांची अणुकराराआधीची गुप्त बोलणी ज्या मस्कतमध्ये झाली, त्या मस्कतकडून दुसरं काही अपेक्षितही नव्हतं. तुर्कस्तान आणि इराक शांततेचा सल्ला देत होते. सुरक्षा परिषदेने ४ जानेवारीला हल्ल्याचा निषेध केला, देहदंडाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

त्या मुलाच्या नोंदीत शेवटचा रकाना होता "विमान चालू?". बहरीन: नाही. दुबई: हो. दोहा: हो. मस्कत: हो. चार ओळींत सगळा प्रश्न मांडून झाला होता.

समोर असलेले पर्याय

पहिला, सहल रद्द करायची. घाबरलेल्या ग्राहकांना हाच हवा होता. पण इथे एक मेख होती. आपण रद्द केलं तर ग्रुप बुकिंगची अनामत बुडते. विमान कंपनीने स्वतः उड्डाण रद्द केलं तर पूर्ण पैसे परत मिळतात. बहरीनने विमानं थांबवली होती, पण फेब्रुवारीच्या उड्डाणांबद्दल कंपनीकडून लेखी काही आलं नव्हतं. म्हणजे जो दोन दिवस आधी घाबरेल तो पैसे घालवेल.

दुसरा, मार्ग बदलायचा. मुंबईहून तेहरानला इराणच्या सरकारी कंपनीचं थेट विमान होतं, पण निर्बंधांमुळे जुनी झालेली विमानं आणि सुट्या भागांची टंचाई यांच्या गोष्टी काकांना आधीच माहीत होत्या. दुबईमार्गे सोय उत्तम, पण अमिराती आणखी एक पाऊल पुढे गेली तर पुन्हा तोच घोळ. शिवाय तेहरानच्या एजंटाची आगाऊ रक्कम त्याच्या दुबईतल्या ऑफिसकडे जात होती. इराणमध्ये आपली कार्डं चालत नाहीत, सगळा व्यवहार आधी किंवा रोखीने. एकाच शहरावर तिकीट आणि पैसे दोन्ही टांगणं ताईंना पटेना.

तिसरा, तारीख पुढे ढकलायची. २६ फेब्रुवारीला इराणमध्ये संसदेची निवडणूक होती. मूळ आखणीत ती कोणाच्या लक्षातच आली नव्हती, आणि ते फारसं शोभणारं नव्हतं.

चौथा, मशहद वगळून बाकी तशीच ठेवायची.

डोंगरीची फेरी

६ तारखेला ताई टॅक्सीने डोंगरीत गेल्या. दादरच्या कंपनीला इराण नवखा, पण मुंबईला तो नवखा नाही. इमामवाड्याच्या आसपासचे यात्रा एजंट वर्षानुवर्षं मशहद, कुम, करबला-नजफ या शिया तीर्थांचे ग्रुप नेत आलेत. ओळखीच्या ओळखीने गाठलेला एजंट पहिल्या मजल्यावरच्या चिंचोळ्या ऑफिसात पासपोर्टांच्या गठ्ठ्यांना रबर लावत बसला होता. ताईंनी विचारलं की लोक रद्द करतायत का. त्याने चहा सांगितला, फोन स्पीकरवर टाकला आणि म्हणाला, "मॅडम, हमारा ग्रुप तो अभी मशहद में ही है। आप खुद पूछ लो।"

पलीकडे त्याचा ग्रुप लीडर होता. त्याने सांगितलं की सौदी वकिलातीच्या रस्त्यावर पोलीस आहेत, हॉटेलपासून दर्ग्यापर्यंत सगळं नेहमीसारखं, थंडी मात्र मरणाची. आणि बदल काय, तर सौदीहून आलेले यात्रेकरू दिसत नाहीत.

हा या प्रकरणातला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मोलाचा निर्णय, असं मला वाटतं. दोन टॅक्सीभाड्यांत अशी माहिती मिळाली जी कुठल्याच वाहिनीवर नव्हती. आपल्या मराठी सहल कंपन्या दादर-ठाणे-पुण्यातल्या स्पर्धकांचं दरपत्रक तोंडपाठ ठेवतात; काही किलोमीटरवरच्या डोंगरीत ज्ञान पडून आहे, तिकडे सहसा कोणी जात नाही.

घेतलेले निर्णय

ताईंनी त्या आठवड्यात काहीच रद्द केलं नाही. ग्राहकांना एक पत्र गेलं: बहरीनमार्गे जाणार नाही हे नक्की, नवा मार्ग आणि तारीख महिनाअखेर कळवू, तोवर कोणाकडूनही उरलेले पैसे घेणार नाही. ही शेवटची ओळ सगळ्यांत कामाची ठरली. फोन निम्म्यावर आले. लोकांना इराणपेक्षा पैसे अडकण्याची भीती जास्त होती, हे मी ताईंना नंतर म्हटलं तेव्हा त्या नुसत्या हसल्या.

दहा-एक दिवसांत विमान कंपनीचं उड्डाण रद्द झाल्याचं पत्र आलं आणि अनामत परत मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. १६ जानेवारीला अणुकरारानुसार निर्बंध उठले. तेहरानचा एजंट टेलिग्रामवर रोज हॉटेलांचे चढते दर पाठवू लागला. २० तारखेला सर्वोच्च नेते खामेनी यांनीही दूतावासावरचा हल्ला चुकीचा होता असं म्हटलं. तिथल्या सत्तेला हे प्रकरण वाढवायचं नाही, याची ती मोठी खूण होती. त्यानंतर ताईंनी ठरवलं की नौरोजची सुट्टी संपल्यावर एप्रिलच्या मध्यावर निघायचं, मस्कतमार्गे. तिकीट जरा महाग पडलं. वाढीव रकमेतला अर्धा भाग कंपनीने सोसला. एजंटाला दुबईत फक्त हॉटेलांपुरती रक्कम पाठवली, बाकी पोचल्यावर रोखीने. त्याचं युरोपातलं काम अजून सुरू व्हायचं होतं, म्हणून तो कबूल झाला.

मशहद मात्र गाळलं. पत्रात कारण दिलं, "सुरक्षेच्या दृष्टीने".

परिणाम

काही जण गळाले. एप्रिल-मे म्हणजे नातवंडांच्या सुट्टीचा काळ, त्यामुळे दोन जोडप्यांना ती तारीख जमेना. भीतीमुळे गळालेले त्याहून कमी. माहीमचे काका आले, सुनेने स्वतः सोडायला विमानतळावर आणलं.

सगळ्यांत अनपेक्षित गळती लंडनच्या मुलाची. त्याला तेहरानची भीती अजिबात नव्हती. पण अमेरिकेने डिसेंबर २०१५मध्ये कायदा बदलला होता. ब्रिटनसारख्या देशांच्या नागरिकांना अमेरिकेत व्हिसाशिवाय जाता येतं, पण मार्च २०११नंतर इराणला जाऊन आलेल्यांची ती सोय गेली. ब्रिटिश पासपोर्टवर कामासाठी सारखं न्यूयॉर्कला जाणाऱ्या मुलाने हात जोडले. दूतावासाला लागलेल्या आगीने एकाचीही पासपोर्टवरची गैरसोय केली नाही. वॉशिंग्टनमधल्या एका कलमाने केली, आणि ती बातमी दादरमध्ये कोणीच वाचली नव्हती.

प्रवास सुरळीत झाला. ग्रुप इस्फहानमध्ये असताना, १८ एप्रिलला, जॉर्डनने तेहरानमधला आपला राजदूत परत बोलावला. म्हणजे प्रतिक्रियांची लाट साडेतीन महिन्यांनंतरही चालूच होती. ग्रुपला ते परत आल्यावर कळलं. याझ्दला पारशी काकांनी अग्निमंदिरात काचेपलीकडच्या अग्नीपुढे उभं राहून आपल्या प्रार्थना म्हटल्या, आणि बाहेर आल्यावर सगळ्या ग्रुपला डाळिंबाचा रस पाजला.

सर मशहदला गेलेच. ग्रुप शिराझहून तेहरानला परतला, तेव्हा ते एजंटाचा एक माणूस बरोबर घेऊन स्वतःच्या खर्चाने विमानाने गेले, तूस बघून आले, आणि येताना केशर आणलं.

सौदी-इराण संबंध जुळायला २०२३चा मार्च उजाडला. बीजिंगमध्ये, चीनच्या मध्यस्थीने. याआधी १९८८मध्ये तुटलेले संबंध १९९१मध्ये जुळले होते. त्या आधारावर "दोन-तीन वर्षांत सगळं सुरळीत होईल" असा अंदाज सर तेव्हा सांगत होते. तो साफ चुकला. सुदैवाने सहलीचं काहीच त्या अंदाजावर टेकलेलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

मार्गाची निवड फक्त दरावर झाली, इथे सुरुवात करावी लागेल. इराणला जाताना बहरीनमार्गे जाणं म्हणजे ज्या दोन शेजाऱ्यांचं पटत नाही त्यांच्याच सामाईक जिन्यावरून जाणं. २०११पासून या दोन देशांमधला ताण उघड होता. हजार-दोन हजार रुपये वाचतात म्हणून तो मार्ग घेणाऱ्याने निदान दुसरा मार्ग हाताशी ठेवायला हवा होता. ताईंच्या करारपत्रात आता तशी अट आहे: तिसऱ्या देशाने उड्डाण थांबवलं तर मार्ग बदलेल, आणि फरकाचा निम्मा भार ग्राहकाचा. हे "निम्मा" मला अजून पटत नाही. मार्ग कंपनीने निवडलेला असतो.

निवडणुकीची तारीख सहज कळण्यासारखी होती. हल्ला झाला नसता तर हा ग्रुप मतदानाच्या दिवशी तेहरानमध्ये असता, आणि बंद संग्रहालयांबद्दल काकूंनी ताईंना धारेवर धरलं असतं.

मशहदबद्दल माझं आणि ताईंचं एकमत होत नाही. ग्राहक घाबरलेत म्हणून एखादं गाव गाळणं हा धंद्याचा निर्णय आहे आणि तो घ्यायला काहीच हरकत नाही. पण डोंगरीत कानाने ऐकून आल्यावर "सुरक्षेच्या दृष्टीने" लिहिणं म्हणजे माहीमच्या सुनेने मशहद आणि मझारचा केलेला घोटाळा कंपनीच्या लेटरहेडवर छापणं. सरांना ते लागलं. तूसला जायचा खर्च त्यांनी कंपनीकडून मागितला नाही, पण पत्राची प्रत मात्र जपून ठेवली आहे. ताईंचं उत्तर असं: "अहो, 'ग्राहक घाबरले म्हणून' असं लिहिलं असतं तर उरलेलेही घाबरले असते." यावर माझ्याकडे ठाम उत्तर नाही. पत्रात "ग्रुपमधल्या बहुतेकांच्या इच्छेनुसार" एवढं लिहिता आलं असतं. ते खरंही होतं आणि त्याने कोणी घाबरलंही नसतं.

आणि त्या मुलाची वही. विमान बंद, विमान चालू, पैसे जातात, पैसे अडकतात, व्हिसा देतात, थांबवलाय, असे रकाने असलेली. ती कंपनीत पुढे कोणी ठेवली नाही, कारण तो मुलगा वर्षभरात दुसरीकडे गेला. ५ जून २०१७ रोजी सौदी, अमिराती, बहरीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडून हवाई हद्द बंद केली, तेव्हा ताईंचा युरोपचा ग्रुप दोहामार्गे जायचा होता. मुंबई-दोहा विमानं इराण आणि ओमानच्या बाजूने चालू राहिली. हे कळायला ऑफिसला दोन दिवस लागले, आणि तोपर्यंत तीन कुटुंबांनी पैसे परत घेतले होते.